एका आकड्याची दोन खाती

बाळ जन्माला येते, नाळ बांधली जाते, अंग कोरडे केले जाते आणि पहिले रडणे थोडे ओसरले की त्याला वजनकाट्यावर ठेवले जाते. खेडेगावात आशाताई टांगत्या काट्याला कापडी झोळी अडकवून तीत बाळाला निजवते, तेव्हा त्याच्या हातापायांच्या झटक्यांनी काटा क्षणभर मागेपुढे होत राहतो, भोवतीची माणसे श्वास रोखून त्याच्याकडे पाहतात, आणि तो स्थिरावून 'दोन किलो दोनशे' हे शब्द आशाताईच्या तोंडून निघतात न निघतात तोच घरातील कोणी वडीलधारी स्त्री बाळंतिणीकडे वळून म्हणते, "तरी मी सांगत होते, नीट खात जा." या एका वाक्यात एक संपूर्ण शरीरशास्त्र गृहीत धरलेले असते. बाळाचे वजन म्हणजे आईच्या ताटाचा हिशेब. तो कमी भरला तर कसूर तिची. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या आकड्याविषयी जे संशोधन झाले आहे ते पाहता हे गृहीत अर्धेच खरे ठरते, आणि त्या अर्ध्या सत्यापायी ज्या असंख्य बाळंतिणींनी मान खाली घातली त्यांच्यासाठी उरलेले अर्धे सविस्तर सांगणे मला अगत्याचे वाटते.

या संशोधनाचा आरंभ एका जुन्या दप्तरातून झाला. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात 1911 पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या मुख्य आरोग्यसेविकेच्या देखरेखीखाली असा शिरस्ता पडला होता की सुईणीने प्रत्येक नवजात अर्भकाचे वजन लिहून ठेवावे, आरोग्यसेविकेने वर्षभर त्या घरी फेऱ्या घालून बाळाच्या प्रकृतीची विचारपूस करावी, आणि वर्ष पुरे झाल्यावर पुन्हा वजन करून तेही वहीत चढवावे. या वह्या पुढे कित्येक दशके पडून राहिल्या. साउथॅम्प्टनचे रोगपरिस्थितीविज्ञ डेव्हिड बार्कर यांना त्यांचा सुगावा लागला तेव्हा त्यांत नोंदलेली बालके साठी ओलांडून गेली होती. त्यांपैकी जे पुरुष अद्याप त्याच मुलखात राहत होते त्यांना शोधून, साखरेचे पाणी पाजून, रक्ताची तपासणी करण्यात आली, आणि 1991 साली बार्कर व केंब्रिजचे जीवरसायनशास्त्रज्ञ निकोलस हेल्स यांनी तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला : जन्मतः आणि पहिल्या वाढदिवशी ज्यांचे वजन कमी होते, त्यांच्यात चौसष्टीच्या सुमारास मधुमेहाचे व त्याच्या पूर्वावस्थेचे प्रमाण अधिक होते. साठ वर्षांपूर्वी एका सुईणीने पेन्सिलीने वा टाकाने लिहिलेला आकडा एका वृद्धाच्या रक्तातील साखरेविषयी काही सांगू शकतो, ही गोष्ट त्या काळी वैद्यकाला सहजासहजी पचणारी नव्हती.

पुढच्याच वर्षी दोघांनी तिचा अर्थ लावला. गर्भाशयात अन्नाची टंचाई पडली की गर्भ संकटकाळातील कुटुंबप्रमुखाप्रमाणे वागतो. मेंदूचा वाटा शक्यतो कमी होऊ देत नाही आणि स्वादुपिंड, स्नायू, यकृत यांच्या खर्चात काटकसर करतो. या काटकसरीने तो जगतो खरा, परंतु इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशींची पुंजीच मुळात तोकडी राहते, आणि पुढे आयुष्यात अन्नाची सुबत्ता आली म्हणजे ती पुंजी पुरी पडत नाही. याच्या तीस वर्षे आधी, 1962 साली, जेम्स नील या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञांनी काटकसरीची कल्पना मांडली होती, पण ती जनुकांची. दुष्काळात तग धरणारी जनुके पिढ्यानुपिढ्या टिकली आणि सुकाळात तीच घातक ठरली, असे त्यांचे म्हणणे होते. बार्कर व हेल्स यांनी काटकसर पूर्वजांच्या इतिहासातून काढून आईच्या उदरात आणली. या विचाराने गर्भवतीच्या पोषणाकडे जगाचे लक्ष वेधले, हे त्याचे फार मोठे श्रेय आहे. मात्र त्याच विचाराने अजाणता त्या वडीलधाऱ्या स्त्रीच्या वाक्याला शास्त्राचा आधारही दिला.

दुसरी बाजू इंग्लंडच्याच नैर्ऋत्य टोकाकडील एक्झिटर या गावातून पुढे आली. ती समजण्यासाठी गर्भाच्या शरीरव्यापारातील एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आईच्या रक्तातील साखर वारेतून गर्भाकडे जाते; आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. गर्भाला जे इन्सुलिन लागते ते त्याने स्वतःच्या इवल्याशा स्वादुपिंडातून निर्माण करायचे असते, आणि आपण मोठी माणसे इन्सुलिनला केवळ साखर आवरणारे द्रव्य म्हणून ओळखत असलो तरी गर्भात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, त्याचे मुख्य काम अंग भरण्याचे, बाळसे धरायला लावण्याचे असते. ज्या अर्भकांत स्वादुपिंडच तयार होत नाही ती अत्यंत किरकोळ वजनाची जन्मतात, ही वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक असलेली गोष्ट. मग एक्झिटरचे संशोधक अँड्र्यू हॅटर्सली यांनी प्रश्न केला : समजा एखाद्या बालकाला असे जनुक मिळाले की ज्यामुळे इन्सुलिन कमी स्रवते किंवा त्याचा परिणाम कमी होतो, तर ते बालक गर्भात कमी वाढेल, आणि तेच जनुक पन्नास वर्षांनी त्याला मधुमेही करील. मग कमी वजन हे मधुमेहाचे कारण कशावरून? दोन्ही एकाच जनुकाची, पन्नास वर्षांच्या अंतराने दिसणारी फळे असू शकतील.

हा केवळ तर्क राहिला नाही, कारण निसर्गानेच त्याची परीक्षा मांडून ठेवली होती. ग्लुकोकायनेज नावाचे एक विकर स्वादुपिंडाच्या पेशींत जकातनाक्यावरच्या कारकुनासारखे बसलेले असते. रक्तातून किती साखर चालली आहे हे तेच मोजते आणि त्या मोजणीवरून किती इन्सुलिन सोडायचे ते ठरते. काही थोड्या कुटुंबांत या विकराच्या जनुकात बिघाड असतो. अशा माणसाच्या नाक्यावरील मोजणीची खूण वर सरकलेली असते, त्यामुळे त्याची साखर जन्मापासून नेहमी थोडी चढी राहते, पण तेवढीच. बहुधा औषधही लागत नाही. हा बिघाड आईला असेल, बाळाला असेल, दोघांना असेल किंवा दोघांनाही नसेल, अशा चार शक्यता संभवतात. हॅटर्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांतील मुलांची जन्मवजने मिळवून 1998 साली जो ताळा मांडला, तो मला या सगळ्या विषयातील सर्वांत सुंदर पुरावा वाटतो.

आईला बिघाड आहे, बाळाला नाही : आईची चढी साखर वारेतून बाळाकडे येते, बाळाचा नाका मात्र शाबूत असल्यामुळे तो ती साखर अचूक मोजून भरपूर इन्सुलिन सोडतो, आणि बाळ नेहमीपेक्षा सुमारे सहाशे ग्रॅम जड जन्मते. याच्या उलट, बिघाड वडिलांकडून बाळाला आला आहे आणि आई निर्दोष आहे : साखर बेताचीच येते, बाळाचा नाका तीही कमी मोजतो, इन्सुलिन कमी पडते, आणि बाळ सुमारे अर्धा किलो हलके जन्मते. दोघांनाही बिघाड असेल तर मोठा चमत्कार घडतो. आईकडून जादा आलेली साखर आणि बाळाची कमी मोजणी एकमेकांना बरोबर छेद देतात, आणि वजन अगदी चारचौघांसारखे भरते. या तिसऱ्या बाळाचा जन्मदाखला पाहून कोणाला काडीचाही संशय येणार नाही, आणि तरीही त्या एका आकड्याच्या पोटात दोन मोठ्या, परस्परविरुद्ध रकमा लपलेल्या असतात.

आता असे एक घर डोळ्यांसमोर आणावे जेथे बिघाड वडिलांना आहे. एकाच आईने, त्याच चुलीवरचे, तेच अन्न खाऊन दोन मुलांना जन्म दिला. पहिले तीन किलोचे झाले, दुसरे अडीच किलोचे. गाव म्हणेल, दुसऱ्या खेपेला हिने आबाळ केली. वास्तविक त्या अर्ध्या किलोचा जाब विचारायचाच असेल तर तो बापाकडून आलेल्या जनुकातील एका अक्षराला विचारावा लागेल, आणि त्या बापाचाही त्यात काही अपराध नाही.

ग्लुकोकायनेजचा बिघाड विरळा. आपल्याकडे घरोघरी आढळणारा मधुमेह त्याने होत नाही. पण त्याने वाट दाखवली, आणि पुढे लाखो माणसांची जनुके एकाच वेळी चाळून पाहण्याची साधने हाती आल्यावर त्याच वाटेने शोध सुरू झाला. 2010 साली जनुकसंचात जन्मवजनाशी निगडित अशा दोन जागा सापडल्या. 2016 पर्यंत, दीड लाखाहून अधिक लोकांची माहिती एकत्र केल्यावर, त्या साठ झाल्या. 2019 साली त्यांची संख्या एकशे नव्वदावर गेली. यांतील प्रत्येकीचा वाटा क्षुल्लक असतो. मधुमेहाचा धोका वाढवणारे सीडीकेएएल 1 या जनुकाचे जे रूप आहे, त्याची एक प्रत बाळाला मिळाली तर वजन वीसेक ग्रॅमने, जुन्या मापाने पावणेदोन तोळ्यांनी, घटते. परंतु पावणेदोन तोळे असोत की अर्धा किलो, दिशा तीच : जे रूप पुढे मधुमेहाकडे नेते तेच गर्भात वाढ रोखते. सर्व जनुकांना हा नियम लागू नाही; जन्मवजन ठरवणाऱ्या कित्येक जागांचा मधुमेहाशी काही संबंध नाही आणि मधुमेहाच्या कित्येक जागा जन्मवजनाला स्पर्शही करीत नाहीत. तरी दोहोंची सरमिसळ योगायोगाने व्हावी त्याहून कितीतरी अधिक आहे, एवढे निश्चित.

आईच्या जनुकांचा हिशेब मात्र वेगळ्या वहीत ठेवावा लागतो. आपल्या जनुकांपैकी निम्मी ती बाळाला देते. ती तर बाळाच्या शरीरात काम करतातच. पण सगळीच्या सगळी, दिलेली आणि न दिलेली, तिच्या स्वतःच्या शरीरात काम करीत असतात, तिची साखर, रक्तदाब, अंगयष्टी ठरवीत असतात, आणि त्या वाटेने गर्भाच्या परिस्थितीवर परिणाम करतात. मधुमेहाशी ज्याचे नाते सर्वांत घट्ट समजले जाते ते टीसीएफ 7 एल 2 या जनुकाचे रूप आईपाशी असेल तर तिची साखर किंचित चढी राहते आणि बाळ थोडे जड होते. म्हणजे मधुमेहाला पोषक अशी जनुके बाळात असली तर वजन उतरते, आईत असली तर चढते. बाळाच्या आणि आईच्या अशा दोन खात्यांतील रकमा एकत्र बेरजेला येतात आणि काट्यावर उमटते ती निव्वळ शिल्लक. शिल्लक पाहून जमाखर्च ओळखू पाहणारा मुनीम जसा फसेल तसेच आपण आजवर फसत आलो.

जनुकांच्या बाजूने आणखी एक साक्ष आहे आणि ती बापाची. बापाला गर्भाशय नसते. त्याच्या खाण्यापिण्याचा वारेशी संबंध येत नाही. तरीही ज्या पुरुषांना मधुमेह असतो त्यांची मुले सरासरीने थोडी हलकी जन्मतात, असे एकाहून अधिक देशांत दिसून आले आहे.

एवढे ऐकून जर कोणी असे म्हणेल की सारे जनुकांत लिहिलेले आहे, आईच्या आहाराची चिंता कशाला, तर त्याने दोन साक्षी अवश्य ऐकाव्यात. पहिली डेन्मार्कमधील जुळ्यांची. एकरूप जुळ्यांची जनुके सारखीच असतात. तरी ज्या जोड्यांत एकाला मधुमेह झाला आणि दुसऱ्याला झाला नाही, त्यांत मधुमेह झालेला भाऊ किंवा बहीण जन्मतः हलकी होती, असे 1997 साली आढळले. जनुके समान असताना पडलेला हा फरक गर्भातील जागेचा आणि वाट्याला आलेल्या पोषणाचाच असला पाहिजे. दुसरी साक्ष अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतीच्या पिमा या मूलनिवासी समाजाची. तेथे 1965 पासून पिढ्यांचा मागोवा घेतला गेला आहे. ज्या आईला गरोदरपणी मधुमेह होता तिची मुले, आणि जिला तो बाळंतपण आटोपल्यावर पुढे झाला तिची मुले, यांची तुलना केली असता पहिल्या गटात मधुमेह कितीतरी अधिक निघाला. मधुमेहाची जनुके दोन्ही आयांकडून सारखीच आली असणार. फरक एवढाच की एकीच्या मुलांनी नऊ महिने साखरेच्या पुरात काढले होते. याच समाजात असेही दिसले की जन्मतः फार हलकी आणि फार जड, दोन्ही प्रकारची मुले पुढे मधुमेहाच्या वाटेवर अधिक जातात. तेव्हा गुटगुटीत बाळ म्हणजे निर्धोक बाळ, हा आपला लाडका समजही सोडून द्यावा लागतो.

आणि आता पुण्याकडे वळू, कारण या विषयातील एक महत्त्वाचे प्रकरण तेथे लिहिले गेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी, साउथॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांच्या सहकार्याने, 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. नवविवाहित आणि तरुण स्त्रियांच्या घरी कार्यकर्त्या दरमहा जात, पाळीच्या तारखा लिहून घेत, म्हणजे दिवस गेले की ते वेळीच कळावे आणि गर्भाचे वय नेमके मोजता यावे. या स्त्रिया सरासरी एकवीस वर्षांच्या, एकशे बावन्न सेंटिमीटर उंचीच्या आणि गरोदरपणापूर्वी जेमतेम बेचाळीस किलो वजनाच्या होत्या. बाळ जन्मले की तीन दिवसांच्या आत कार्यकर्ती जाऊन त्याची लांबी, डोके, दंड, पोट मोजी, आणि खवाट्याखालची कातडी बोटांनी अलगद उचलून तिची जाडी एका चिमट्याने घेई. त्या घडीत कातडीखालच्या मेदाचा अंदाज असतो.

ही बाळे सरासरी 2.7 किलोची भरली, साउथॅम्प्टनची 3.5 किलोची. वजनात ही एवढी तफावत पडल्यावर सगळीच मापे त्याच प्रमाणात उतरलेली असावीत अशी अपेक्षा होती, पण तसे झाले नाही. पोटाचा घेर, म्हणजे आतील यकृतादी अवयव, आणि दंडाचे स्नायू यांत सर्वांत मोठी तूट होती. खवाट्याखालची घडी मात्र जवळजवळ गोऱ्या बाळाइतकीच होती. हाडकुळे दिसणारे ते अंग वस्तुतः मेदाने राखलेले होते. पुढे नाळेतील रक्त तपासले तेव्हा पुण्याच्या हलक्या बाळांत इन्सुलिन लंडनच्या बाळांपेक्षा कमी नव्हे, उलट अधिक निघाले. येथे एक्झिटरचा साधा हिशेब अपुरा पडतो. इन्सुलिन कमी म्हणून बाळ लहान, असे या बाळांविषयी म्हणता येत नाही; ती लहान असूनही इन्सुलिन जादा, आणि ते जादा इन्सुलिन स्नायूंऐवजी मेदाच्या कामी लागलेले. याज्ञिक यांनी 2004 साली आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्यासमवेत काढलेले एक छायाचित्र वैद्यकीय नियतकालिकात छापले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे, पण युडकिन यांच्या शरीरात मेद नऊ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात एकवीस टक्के. पुण्याच्या बाळाच्या खवाट्याखाली जे दिसले त्याचीच ही प्रौढ आवृत्ती होय.

मग भारतीय बाळांची जनुकेच निराळी काय? हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रातील डॉ. गिरिराज चांडक आणि त्यांच्या पथकाने पुण्यासह अनेक ठिकाणच्या बाळांची तपासणी केली तेव्हा आढळले की युरोपात जन्मवजनावर परिणाम करणारी जनुके येथेही तशीच, त्याच दिशेने काम करतात. आपल्याकडील एक मूल दुसऱ्यापेक्षा हलके का, याचे काही अंशी उत्तर त्यांत मिळते. पण सगळीच मुले एवढी हलकी का, याचे उत्तर मुख्यतः आयांच्या जीवनात शोधावे लागते, असे मला वाटते, आणि पुण्याच्या अभ्यासाने ते शोधलेही. ज्या स्त्रियांच्या वाट्याला शेतातील कष्ट आणि लांबून पाणी आणणे अधिक होते त्यांची बाळे लहान होती. ज्यांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध होते त्यांची मोठी. पोळीभाकरीच्या संख्येने फारसा फरक पडला नव्हता. दोन तृतीयांश स्त्रियांत ब-12 जीवनसत्त्व कमी होते, आणि ज्यांच्यात ते कमी व फोलेट भरपूर होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणे अधिक दिसली. अठराव्या वर्षी त्याच मुलांची पुन्हा तपासणी झाली तेव्हा मुलग्यांपैकी सदतीस टक्के आणि मुलींपैकी अठरा टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळले. त्यांतील बहुतेक सडपातळ होते.

'नीट खात जा' हा उपदेश करणाऱ्याने घरात पहिली भाकरी कोणाच्या पानात पडते, दूध कोणासाठी राखून ठेवतात आणि सातव्या महिन्यातही डोक्यावर हंडा कोणाच्या असतो हे आधी पाहावे. आईचे खाते खरेच आहे, मोठेही आहे. पण ते तिच्या एकटीच्या सहीने चालत नाही. तिची उंची तिच्या बालपणातील उपासमारीने ठरलेली असते, तिचे वजन तिच्या सासरच्या पंक्तीतील क्रमाने, आणि बाळाच्या अंगातील निम्मी जनुके तर तिची नव्हेतच.

2012 साली पुण्याच्या त्याच खेड्यांत पुढची पायरी सुरू झाली. पूर्वी चिमट्याने मोजलेली ती बाळे आता किशोरवयात आली होती. गर्भधारणेनंतर औषध देणे म्हणजे उशीर करणे, या विचाराने त्यांच्यापैकी अनेकांना, मुलींना आणि मुलग्यांनाही, लग्नाच्या आधीपासून ब-12 च्या गोळ्या देण्यात आल्या. त्यांतील काहींना पुढे मुले झाली, आणि त्या मुलांचीही लांबी, दंड, पोट व खवाट्याखालची घडी मोजली गेली. आज त्या नातवंडाच्या काट्याशेजारी जी आजी उभी असेल तिचे स्वतःचे बेचाळीस किलोही त्याच अभ्यासाच्या कागदांत आहेत. ती पाणी किती लांबून आणीत असे आणि त्या महिन्यात तिने किती वेळा दूध घेतले, हेसुद्धा.